पेंट्रे ते क्रेगची काठी

एखादे पत्र पोहोचवणे हे काही सांगण्याजोगे काम नव्हे. त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी माझ्या पर्समध्ये एक पत्र होते आणि ते लानगोरन गावाच्या नगराध्यक्षांच्या हाती द्यायचे होते, एवढेच. पत्र लिहिणाऱ्या नेस्टामावशी माझ्या शेजारीच आगगाडीच्या डब्यात बसल्या होत्या. मांडीवर घोंगडी, पायाशी चहाचा थर्मास. वय सत्त्याऐंशी. पत्र तुम्ही स्वतःच का देत नाही, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी दिलं तर तो माझ्या गालाची पापी घेईल आणि पत्र खिशात घालून विसरून जाईल. तू शिकलेली आहेस. तुला तो भितो."

नगराध्यक्षांचे नाव एमलिन प्रॉबर्ट. लोककथांच्या अभ्यासकाने माणसाचे मोजमाप घाईने करू नये, असा माझा नेम आहे. प्रॉबर्ट यांच्या बाबतीत तो नेम पाळणे सोपे गेले. मोजण्यासारखे फार थोडे होते. अडीच हजार वस्तीच्या गावाचा नगराध्यक्ष वर्षभरात काय करतो? बागेतली बाके हिरवी रंगवायची की तपकिरी, आणि नाताळचे दिवे कधी उतरवायचे, हे ठरवतो. पण प्रॉबर्ट पदाची साखळी गळ्यात घालून बेकरीत पाव आणायला जात. शनिवारी ते गार्ड होत. आमच्या दरीतली जुनी रेल्वे गावकऱ्यांनी बिनपगारी राबून जिवंत ठेवली आहे. बाकीचे स्वयंसेवक संध्याकाळी नखांत तेल आणि केसांत कोळशाची पूड घेऊन घरी जातात. प्रॉबर्ट यांचे करंगळीत अंगठी असलेले गुबगुबीत हात चौदा वर्षांत एकदाही काळे झालेले कोणी पाहिले नाहीत. शिट्टी, झेंडी आणि काठी, यांखेरीज त्यांनी कशाला स्पर्शच केला नव्हता.

काठीविषयी सांगावे लागेल, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती घडले. आमचा मार्ग एकेरी आहे. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून मार्गाच्या प्रत्येक टप्प्याला एक काठी असते. एकच. ती ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचा तो टप्पा; ती नसेल तर डब्यात राजा बसला असला तरी गाडी हलत नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी इंजिनातून ड्रायव्हरचा हात बाहेर येतो, कामावरचा माणूस त्या हातात काठी ठेवतो आणि टप्प्याचे नाव घेऊन म्हणतो, "रस्ता मोकळा." हे शब्द नुसता रिवाज नाहीत. तीच परवानगी.

आता आमची गाडी लानगोरनहून चार मैल वर पेंट्रे स्टेशनापर्यंतच जाते. त्यापुढचा पेंट्रे ते क्रेग हा टप्पा पाटीच्या दगडाच्या खाणीपर्यंत जात असे. त्याचे रूळ उखडून पन्नास वर्षे झाली. उरला आहे तो शेवाळलेला बांध. वरच्या टोकाला, जुने क्रेग स्टेशन होते नेमक्या त्या जागी, प्रॉबर्ट यांनी बंगला बांधला. ती जागा गावाची होती. ती त्यांना कशी मिळाली याची चौकशी करणारी समिती नेमली गेली, आणि समितीचे प्रमुख तेच होते.

त्या बंद टप्प्याची काठी प्रॉबर्ट घराण्याकडे होती. हातभर लांबीची, राखाडी लाकडाची, पितळी कडे असलेली. कड्यावर दोन नावे कोरलेली, पेंट्रे आणि क्रेग. मोठ्या शहरांच्या नगराध्यक्षांपुढे मिरवणुकीत राजदंड चालतो. आमच्या गावाकडे राजदंड नव्हता आणि हे शल्य प्रॉबर्ट यांना फार वर्षे सलत होते. अखेर त्यांनी त्या काठीला लाल फीत बांधली आणि तिलाच राजदंड ठरवले. पुढे धरून चालायला कोणी तयार होईना, तेव्हा ते ती स्वतःपुढे स्वतःच धरून चालू लागले.

१९२६ च्या नोव्हेंबरात, धुके असलेल्या एका दुपारी, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, ईथेल बोवेन नावाचा ड्रायव्हर पाळीवर निघालेल्या खाणकामगारांची गाडी घेऊन पेंट्रेहून वर निघाला. त्याच वेळी क्रेगहून दगडाने भरलेल्या वाघिणी खाली सोडल्या गेल्या. बांधाच्या मधोमध त्या एकमेकांवर आदळल्या. सहा कामगार गेले आणि ईथेल इंजिनाच्या आगीत गेला. पेंट्रेचा स्टेशनमास्तर आयझॅक प्रॉबर्ट, म्हणजे आपल्या नगराध्यक्षांचा आजोबा, याने चौकशीत सांगितले की ड्रायव्हर काठी न घेताच निघून गेला. काठी खुंटीवर आहे हे पाहून आपण मार्ग मोकळा समजलो आणि म्हणूनच वरच्या माणसाला वाघिणी सोडायला फोनवरून सांगितले. काठी खरोखरच खुंटीवर होती. प्रकरण मिटले. खाणीच्या लोकांनी दगड उभारला, त्यावर सहा नावे कोरली. सातवे कोरले नाही.

नेस्टामावशी ईथेलची नात.

या काठीवर एक गौरवपर पुस्तिका लिहून द्या, असे प्रॉबर्ट यांनी मला सांगितले, ही त्यांची चूक. मी काठी हातात घेऊन पाहिली. तिचे एक टोक जळालेले होते; वरवर नव्हे, लाकडाच्या गाभ्यापर्यंत. त्या टोकाशी पितळ वितळून त्याचा ओघळ उतरला होता. खुंटीवर टांगलेली काठी अशी जळत नाही. अपघातस्थळी कंदील घेऊन सर्वांत आधी कोण पोहोचला, हे चौकशीच्या कागदांत लिहिलेलेच आहे: स्टेशनमास्तर आयझॅक प्रॉबर्ट, एकटाच.

दुसरा पुरावा माझ्या विषयातला. पेंट्रेच्या वरच्या अंगाचे लोक धुक्यात त्या बांधावरून चालताना हातात एक जादा काठी ठेवतात आणि खाली उतरल्यावर ती फाटकाला टेकवून जातात. कारण विचारले तर सांगतात, "हात मागतो." कोणाचा हात, हे ठाऊक असलेली पिढी संपली, काठी ठेवण्याची सवय उरली. कचेरीने पुसलेली गोष्ट रूढी अशा आडमार्गाने जपून ठेवते. मेलेल्या माणसाची मागणी काय असते याची माझ्याकडे शेकडो टिपणे आहेत: पाणी, पुरणे, माफी, सूड. काठी मागणारा हा एकटाच. आपल्या हातातून काय काढून घेतले गेले, एवढेच तो सांगत होता.

प्रॉबर्ट यांनी त्या रूढीचेही भले केले. स्टेशनच्या दुकानात वीतभर लांबीच्या काठ्या विकायला ठेवल्या, आणि प्रत्येकीवर स्वतःची सही छापून घेतली.

त्या शनिवारी पेंट्रेच्या प्लॅटफॉर्मवर स्मारकाच्या नव्या दगडाचे अनावरण होते. नगराध्यक्ष खास गाडीने निघाले होते. अंगात गार्डचा कोट, त्यावर साखळी, हातात फीत बांधलेली काठी. निघण्यापूर्वी इंजिनातून ह्यू पॅरीने खाली पाहिले. ह्यू हा निवृत्त पोस्टमन, आमचा ड्रायव्हर.

"अध्यक्षसाहेब, साखळी आत खोचा. चाकात गेली तर गाव पोरकं होईल."

"तू कोळशाकडे बघ, ह्यू."

"बघतोय. तोच जरा कामाचा वाटतो."

गाडी सुटल्यावर प्रॉबर्ट आमच्या डब्यात आले. मी पत्र दिले. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचले आणि घडी घालून काठीच्या फितीत खोचले.

"प्रोफेसरबाई, आज तरी सुट्टी घ्या की."

"एक नाव वाढवायचं आहे, एवढंच पत्रात आहे."

"आणि कारण काय, तर काठीचं टोक जळालंय! आमच्या आजीनं चुलीतले निखारे सारखे केले असतील काठीनं. बायका काय, हाताला लागेल ते घेतात."

"काठी पहिल्या दिवसापासून काचेच्या पेटीत होती, असं तुम्हीच मला सांगितलं होतं."

"मग पेटीत ठेवायच्या आधी." त्यांनी हे इतक्या सहजपणे म्हटले की माझ्या लक्षात आले, हा माणूस खोटेही बोलत नाही, खोटे बोलण्यासाठी खऱ्याची थोडी तरी दखल घ्यावी लागते.

नेस्टामावशींनी घोंगडीतून हात बाहेर काढला. "एमलिन, सहा नावांच्या खाली चार बोटं जागा आहे. मी पाथरवटाच्या कारखान्यात जाऊन मोजून आले. मला फार दिवस नाहीत रे. तेवढं एक नाव वाचून जाईन म्हणते."

"मावशी, तुमच्यासाठी जीव तुटतो माझा. पण काठीशिवाय गाडी काढणारा माणूस रेल्वेचा माणूस नव्हे. मी काय करणार? नियम आहे."

"नियम तुझ्या आजोबानं माझ्या आजोबाच्या हातातनं काढून खुंटीला टांगला," नेस्टामावशी म्हणाल्या. "तू आता त्याला फीत बांधलीस."

प्रॉबर्ट हसले, वाकून त्यांनी त्यांच्या गालाची पापी घेतली आणि पुढच्या डब्यात गेले. मावशींनी घोंगडीच्या टोकाने गाल पुसला. "सांगितलं नव्हतं?" त्या म्हणाल्या.

पेंट्रेला पोहोचलो तेव्हा धुके प्लॅटफॉर्मवर चढले होते. अनावरण झाले. भाषण बावीस मिनिटांचे होते आणि त्यात 'वारसा' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजायचे सोडून दिले. लोक थंडीने कुडकुडत डब्यांत परतले. चहा आणि मनुकांचा केक वाटला जात होता. वार्ताहरही चहाला गेला होता, आणि प्लॅटफॉर्मच्या वरच्या टोकाला, धुक्याच्या पार्श्वभूमीवर काठी धरून उभा असलेला नगराध्यक्ष त्याला कॅमेऱ्यात टिपायचा राहिला होता. प्रॉबर्ट तिथे जाऊन उभे राहिले. मी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांच्या मागे गेले.

त्या टोकाला प्लॅटफॉर्म उतरता होत जमिनीला मिळतो. पुढे जुन्या लाकडी ओंडक्यांचा अडसर आहे. तिथे आमचे रूळ संपतात. अडसरापलीकडे बांध आहे, गवत आहे; त्या दिवशी त्यातले काहीच दिसत नव्हते. धुके अडसराच्या अलीकडे येऊन थबकले होते. गाडीतले हसणे मागे कुठेतरी राहिले. ओंडक्यांवरून पाण्याचा थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. स्टेशनच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. मी ते पाहिले ते नेस्टामावशींना थंडीत किती वेळ झाला या काळजीने, दुसऱ्या कशासाठी नाही.

"हे सगळं तुम्ही अभ्यासकांच्या परिषदेत वाचा," प्रॉबर्ट सांगत होते. "तिथं चार म्हातारे माना डोलावतील. पण इथं लोकांना..."

मला आधी वास आला. आमच्या इंजिनाचा धूर माझ्या ओळखीचा आहे. हा तो नव्हता. तापलेले तेल, ओली लोकर, आणि त्यांच्या खाली करपलेल्या केसांचा वास. मग थेंबाचा आवाज थांबला. पुढचा थेंब पडायला हवा होता त्या क्षणी धुक्यातून एक हात बाहेर आला.

तो वरून आला. इंजिनातला माणूस बाहेर झुकतो, तेवढ्या उंचीवरून. काळी बाही, मनगटाशी पितळेचे एकच बटण. पंजा उघडा. त्याची कातडी मेणासारखी ताणलेली, चकाकणारी. एवढ्या वर्णनानंतर तुम्हाला वाटेल की तो हात भयंकर होता. नव्हता. त्या हातात ना राग होता, ना घाई. तो रोजच्या कामाचा हात होता.

आणि एमलिन प्रॉबर्ट यांनी तिकडे पाहिलेही नाही. चौदा वर्षांचे शनिवार त्यांच्या कोपरात मुरले होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी हात आला की काठी द्यायची. वाक्य तोंडात धरून ते अर्धे वळले, काठी त्या पंजात ठेवली, आणि सवयीने म्हणाले,

"पेंट्रे ते क्रेग, रस्ता मोकळा."

हात मिटला. धुक्यात मागे गेला.

"...इथं लोकांना गोष्ट हवी असते," प्रॉबर्ट यांनी वाक्य पुरे केले. मग त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिले.

एक आखूड शिट्टी झाली. आमच्या इंजिनाची नव्हे. आमचे इंजिन मागे, डाव्या बाजूला होते. ही समोरून आली. त्यामागोमाग तो आवाज सुरू झाला, जड, सावकाश, चढ चढणाऱ्या इंजिनाचा. एक धापेचा ठोका, मग दुसरा, मग तिसरा. ओंडके थरथरले आणि त्यांवरचे सगळे पाणी एकदम खाली गळले. रूळ नसलेल्या बांधावरून गाडी वर जात होती. आवाज वळणावर गेला, लहान झाला, आणि मग धुक्याने तो पुसला.

ह्यू आमच्याकडे चालत आला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"काठी कुठंय, साहेब?"

"दिली."

"कुणाला?"

"अरे, कुणाला म्हणजे..." प्रॉबर्ट यांचा आवाज सभेतलाच होता, फक्त आतून पोकळ झालेला. "ड्रायव्हरला..."

"ड्रायव्हर मी आहे," ह्यू म्हणाला.

परतीच्या वाटेवर प्रॉबर्ट गार्डच्या डब्यात दार लावून बसले. मी नेस्टामावशींच्या शेजारी बसले. त्यांनी माझे हात आपल्या घोंगडीखाली घेतले.

"दिली का त्यानं?" त्यांनी विचारले.

मी होकारार्थी मान हलवली.

"नव्वद वर्षं हात पुढं करून उभा होता," त्या म्हणाल्या. "खांदा दुखला असेल बिचाऱ्याचा." आणि थर्मासचे झाकण उघडून त्यांनी मला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉबर्ट यांचा फोन आला. "जरा येऊन जाता का?" एवढेच म्हणाले. मी क्रेगच्या बंगल्यावर गेले. हे गृहस्थ एकटे राहत. पत्नी दहा वर्षांपूर्वी निघून गेली होती आणि गावाला नवल वाटले होते ते तिने लावलेल्या वेळाचे. बंगल्याच्या काचेच्या पडवीत जुन्या स्टेशनच्या भिंतीचा एक तुकडा शोभेसाठी तसाच ठेवला आहे, आणि त्यात एक लोखंडी खुंटी. त्या खुंटीवर काठी टांगलेली होती. फीत जळून गेली होती. नेस्टामावशींचे पत्र मात्र पितळी कड्यात खोचलेले, कोरडे, अगदी शाबूत.

"मी लावली नाही तिथं," प्रॉबर्ट म्हणाले. "हात लावून बघा."

मी जळालेल्या टोकाला बोट लावले. ते गरम होते.

"तुमच्या पुस्तकांत यावर काहीतरी असेल ना?"

"पुस्तकांत टिपणं असतात. तोडगे नसतात."

"पण याचा अर्थ काय?"

अर्थ सोपा होता आणि कोणाही स्वयंसेवकाला तो कळला असता. गाडी वर पोहोचली, म्हणून काठी वरच्या खुंटीवर. आता गाडी खाली जायची. तिला काठी द्यायला क्रेग स्टेशनावर कोणीतरी कामावर हवे.

"क्रेगला स्टेशनच नाही आता," ते म्हणाले. "इथं कुणी नसतं!"

"इथं तुम्ही राहता."

तीन दिवसांनी पुन्हा फोन आला, मग रोजच येऊ लागला. काठी त्यांनी मोटारीत घालून गावातल्या संग्रहालयात नेऊन कुलुपात ठेवली. सकाळी ती खुंटीवर होती. नदीत टाकली, खुंटीवर होती, ओलीही नव्हती. रोज तीन चाळीसला पडवीच्या काचेबाहेर हात येई. तो काच वाजवत नसे. पडदा ओढला तरी पडद्यापलीकडे तो आहे हे त्या वासावरून कळे, आणि जितका वेळ तो थांबे तितका घरातला उष्मा वाढत जाई, असे ते सांगत. पाचव्या दिवशी त्यांनी दार उघडले, डोळे मिटून काठी पुढे केली आणि शब्द म्हटले. गाडी गेली. पहाटे काठी परत आली. तेव्हापासून ते रोज देत होते. आयुष्यभर पदांमागे धावलेल्या माणसाला अखेर असे पद मिळाले होते, ज्याचा राजीनामा घेणारे कोणी नव्हते.

डिसेंबरात त्यांनी खास सभा बोलावली. ईथेल बोवेन याचे नाव दगडावर कोरावे, हा ठराव त्यांनी स्वतः मांडला आणि 'न्याय' हा शब्द तीनदा उच्चारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्या आजोबाने चोरी केली आणि ज्याने स्वतः त्या चोरीला फीत बांधून मिरवले, त्याचे औदार्य पाहून दोन बायकांच्या डोळ्यांना पाणी आले. न्याय आणि लाच यांतला फरक देणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. त्या दिवशी प्रॉबर्ट यांचा चेहरा घामाने निथळत होता. पण छिन्नी चेहरा पाहत नाही. भीतीने कोरलेले अक्षरही तेवढेच खोल जाते.

नाव कोरले गेल्यावर नेस्टामावशींना मी पेंट्रेला घेऊन गेले. त्यांनी हातमोजा काढला, प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवले, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा.

"सुरेख झालंय," त्या म्हणाल्या. आणि हातमोजा पुन्हा चढवत, "पण पोरी, आजोबा नावासाठी हात पुढं करत नव्हता."

"मग?"

"त्याची पाळी अर्धी राहिलीय ना. एकट्यानं किती ओढायची?"

नेस्टामावशी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झोपेत गेल्या. त्यांचे काम झाले होते.

त्यांना पुरल्यानंतरच्या गुरुवारी दाट धुके होते. प्रॉबर्ट यांनी बोलावले म्हणून मी क्रेगला गेले. ते पडवीत खुर्चीवर बसले होते. गार्डचा कोट, गळ्यात साखळी, मांडीवर काठी. त्यांचे हात मी पाहिले. नखांत तेल होते, बोटांच्या रेषांत कोळसा भरला होता. चौदा वर्षांत प्रथमच.

"काल त्यानं काठी घेतली नाही," ते म्हणाले.

"हात आला नाही?"

"आला. मी काठी दिली... शब्द म्हटले. तो घेईना. मग मी डोळे उघडले. पहिल्यांदाच." बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होते. "तो जरा सरकला, प्रोफेसरबाई. बाजूला. आत कुणाला जागा करून देतात ना... तसा."

मी रिकाम्या खुंटीकडे पाहिले.

"मी काय करू? नियम काय म्हणतो? तुम्हाला ठाऊक आहे सगळं."

मला त्यांची दया यायला हवी होती. ती शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण घोंगडीच्या टोकाने गाल पुसणारी ती म्हातारी मधे येत राहिली. आणि नियम मला ठाऊक होता.

"काठी ज्याच्या हातात," मी म्हणाले, "त्यानं गाडीवर असायचं असतं."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन झाले होते. मी उठले आणि निघाले. मागून हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यूला बंगल्याचे दार उघडे आढळले. प्रॉबर्ट कुठेच नव्हते. पोलिसांनी दरी धुंडाळली, नदी धुंडाळली. काठीही मिळाली नाही. खुंटीवर नगराध्यक्षपदाची साखळी टांगलेली होती. तिची मधली मुद्रा काजळीने काळी झाली होती आणि ह्यूने ती उतरवली तेव्हा त्याच्या तळव्याला फोड आला. गावाने नवा नगराध्यक्ष निवडला. तो साखळी घालत नाही.

माझा तर्क होता की पाळी पुरी झाली म्हणजे सगळे थांबेल. अभ्यासकाचे तर्क असे नीटनेटके असतात. पेंट्रेच्या वर राहणारे लोक अजून फाटकाला काठी टेकवून जातात, पण आता सांगताना त्यांच्या बोलण्यात एक फरक पडला आहे, आणि हा फरक मी सहा वेगवेगळ्या माणसांकडून, एकाचे दुसऱ्याला न सांगता, टिपून घेतला आहे. ते म्हणतात, हात दोन असतात. एक वरून येतो, स्थिर असतो. दुसरा त्याच्या खालून येतो. गुबगुबीत, करंगळीत अंगठी घातलेला, आणि त्याला धीर नसतो.

मागच्या नोव्हेंबरात मीही त्या बांधावरून उतरत होते. धुके होते. फाटकाला मी एक काठी टेकवली. मागे, फार जवळ, कोणीतरी घसा साफ केला. सभेत बोलायला उठण्यापूर्वी करतात तसा.

"प्रोफेसरबाई... जरा..."

करपलेल्या केसांचा वास येत होता. पुढे पन्नास पावलांवर स्टेशनात उभ्या आमच्या गाडीचे दिवे दिसत होते. मी वळले नाही.

लोक मला विचारतात, दोन हात आहेत तर दोन काठ्या का ठेवत नाही. मी एकच ठेवते.